सहकलाकाराची कमाई : शफी इनामदार यांची कारकीर्द

चित्रपट सुरू होताना पडद्यावर नावे झळकू लागतात. पहिली दोन-तीन नावे मोठ्या अक्षरांत, एकेकटी येतात. मग एकाच चौकटीत सहा-सात नावे दाटीने येतात आणि वाचून होण्याआधीच निघून जातात. प्रेक्षक त्या वेळी अंधारात आपली खुर्ची शोधत असतो. नाटकाच्या जाहिरातीत तर या मंडळींची बोळवण 'आणि इतर' एवढ्या दोन शब्दांत होते. या 'आणि इतर' लोकांनी कामच केले नाही तर नायकाने बोलावे कोणाशी, रागवावे कोणावर आणि मन मोकळे करावे कोणाजवळ? घर उभे राहते ते दर्शनी कमानीवर नव्हे, आतल्या खांबांवर. पण इतिहास लिहिताना आपण कमानीचेच वर्णन करतो.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने अशा एका खांबाची हकिगत सांगण्याचे योजिले आहे. रंगभूमी, चित्रपट आणि दूरदर्शन या तिन्ही ठिकाणी ज्यांनी आपली मुद्रा उमटवली आणि तरीही ज्यांचे नाव आजच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते, ते मरहूम शफी इनामदार. पन्नाशी ओलांडलेल्या पालकांना नाव सांगताच त्यांचा चेहरा आठवेल. रुंद कपाळ, भारदस्त आवाज आणि डोळ्यांत मिस्कील भाव. मुलांनी मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, म्हणजे 'ये जो है जिंदगी' हे नाव ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर हसू कसे उमटते ते दिसेल.

शफी इनामदार यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९४५ रोजी झाला. गाव पांगारी, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. आपला बीड जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेचा, कमी पावसाचा, ज्वारी-कापसाचा. तर दापोली समुद्राजवळची, आंब्या-काजूंची आणि मुसळधार पावसाची. आपण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतो, तर कोकण इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. आपल्या घरांतून दखनी उर्दू बोलली जाते, तर कोकणी मुसलमानांच्या घरांतून कोकणी आणि मराठी. म्हणजे एकाच महाराष्ट्रातील मुसलमान असूनही दोन्हीकडचे जग बरेच निराळे. पण 'इनामदार' हे आडनाव मात्र दोन्हीकडे ओळखीचे. मशिदीची वा दर्ग्याची सेवा, गावची एखादी कामगिरी किंवा लष्करी चाकरी यांच्या बदल्यात जमीन इनाम मिळाली, की घराण्याला हे नाव पडे. ते हिंदूंत आहे, तसेच मुसलमानांतही आहे. 'राऊ' ही कादंबरी लिहिणारे ना. सं. इनामदार आणि पांगारीचे शफी इनामदार यांचे आडनाव एकच. नावावरून धर्म ओळखू पाहणाऱ्यांची येथे फसगत होते, आणि ती झालेली बरी.

कोकणातील कितीतरी घरांची पोटापाण्याची वाट तेव्हा मुंबईकडे जात असे. शफींचीही वाट तिकडेच गेली. मुंबईच्या के. सी. कॉलेजातून ते विज्ञान विषय घेऊन बी.एस्सी. झाले. शाळकरी वयापासून त्यांना दोन गोष्टींचा नाद होता, वक्तृत्वस्पर्धा आणि नाटक. आपल्याकडेही अशी मुले प्रत्येक शाळेत असतात. स्नेहसंमेलनात टाळ्या घेतात, दहावी झाली की गप्प होतात. शफींनी हा नाद पुढे चालू ठेवला, आणि पदवीही हातात घेतली. दोन्ही गोष्टी बरोबरीने झाल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढचा काळ हा त्यांच्या कारकिर्दीचा खरा पाया आहे, आणि नेमका तोच लोकांना ठाऊक नाही. गुजराती रंगभूमीचे नामवंत दिग्दर्शक प्रवीण जोशी यांच्या हाताखाली त्यांनी नाटकाचे धडे घेतले. मुंबईची इंडियन नॅशनल थिएटर ही संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. गुजराती, मराठी, हिंदी अशा अनेक भाषांतील नाटके ती करीत असे, आणि या संस्थेशी शफींचा संबंध आला. १९७३ ते १९७८ या काळात त्यांनी सुमारे ३० एकांकिका केल्या. काहींत अभिनय, काहींचे दिग्दर्शन, काहींत दोन्ही. आणि भाषा चार : हिंदी, गुजराती, मराठी आणि इंग्रजी.

विद्यार्थी मित्रांनो, या आकड्यांवर क्षणभर थांबा. पाच वर्षांत तीस एकांकिका म्हणजे सरासरी दर दोन महिन्यांना एक नवी संहिता. ती पाठ करायची, नोकरी-व्यवसायातून सुटलेल्या माणसांना संध्याकाळी एकत्र करायचे, दिवाणखान्यात नाहीतर शाळेच्या वर्गात तालीम घ्यायची, आणि दोन-चार प्रयोग झाले की सगळे मोडून पुन्हा नव्याने सुरुवात करायची. एकांकिकेत पैसा नसतो. छायाचित्र वर्तमानपत्रात आलेच तर बोटाच्या पेराएवढे. पण या शाळेत माणूस जे शिकतो ते पुढे आयुष्यभर पुरते. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोचवावा, समोरचा बोलत असताना स्वतः काय करावे, हशा आला तर पुढचे वाक्य किती वेळ हातात धरावे. भाषा बदलली की हसण्याची जागाही बदलते. गुजराती प्रेक्षक जेथे हसतो तेथे मराठी प्रेक्षक हसेलच असे नाही. चार भाषांत काम केलेल्या नटाला ही नाडी चारही ठिकाणी तपासावी लागते.

शफी इनामदार यांचे नाव इप्टाशीही जोडलेले आहे. इप्टा म्हणजे १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली भारतीय जननाट्य संस्था. इस्मत चुगताई यांच्या 'नीला कमरा' या नाटकात ते नट होते आणि दिग्दर्शकही. इप्टाचे नाव निघाले की आपल्या शेजारच्या बार्शीच्या एका थोर माणसाची आठवण होते. शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्या जोडीने त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्या पहाडी आवाजाने मैदाने भरवली, आणि 'प्रपंच' या १९६१ च्या मराठी चित्रपटात भूमिका केली. बार्शी आपल्या जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. म्हणजे मुसलमान घरातला मुलगा मराठी रंगमंचावर उभा राहणे ही आपल्या मुलखात काही आजची नवलाई नव्हे. शफी इनामदार ज्या वाटेने गेले ती आधीच्यांनी मळवून ठेवलेली होती.

नोव्हेंबर १९७८ मध्ये शशी कपूर आणि जेनिफर कपूर यांनी जुहू येथे पृथ्वी थिएटर उघडले. प्रेक्षागृह लहान, सुमारे दोनशे खुर्च्यांचे. पण तोवर मुंबईत हिंदी नाटकाला हक्काचे घर नव्हते, ते मिळाले. तीन बाजूंनी प्रेक्षक, नटाच्या चेहऱ्यावरची शीर हललेलीही दिसावी इतक्या जवळ. या नव्या वातावरणात शफींनी 'हम' नावाची स्वतःची नाट्यसंस्था काढली. येथवर त्यांचे वय पस्तिशीपलीकडे गेले होते, आणि चित्रपटरसिकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

त्यांचा चित्रपटप्रवेश झाला तो १९८२ च्या 'विजेता'मध्ये. हवाई दलाच्या पार्श्वभूमीवरचा हा चित्रपट शशी कपूर यांनी निर्माण केला आणि गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केला. त्या वेळी शफींचे वय सदतीसच्या आसपास होते. ज्या वयात चित्रपटातील कित्येक देखण्या नायकांची उतरती कळा सुरू होते, त्या वयात त्यांची चढण सुरू झाली. कारण ते चेहऱ्याच्या भांडवलावर आले नव्हते, तर शिकलेल्या कामाच्या भांडवलावर आले होते.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, निहलानींचा 'अर्धसत्य' आला. या चित्रपटाचे मूळ मराठी आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. ओम पुरी यांनी अनंत वेलणकर हा तडफदार सबइन्स्पेक्टर रंगवला आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रामा शेट्टीची भूमिका करणारे सदाशिव अमरापूरकर आपल्या आष्टी तालुक्याला लागून असलेल्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. त्यांनाही फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. आणि या दोघांच्या मधे एक तिसरा माणूस होता, ज्याला पुरस्कार मिळाला नाही, पण ज्याच्यावाचून चित्रपट उभा राहिला नसता. तो म्हणजे वेलणकरचा वरिष्ठ, इन्स्पेक्टर हैदर अली. ही भूमिका शफी इनामदार यांची.

या भूमिकेत विशेष काय आहे ते नीट पाहिले पाहिजे. वेलणकर प्रामाणिक आहे, तापट आहे. आमदाराच्या माणसांना त्याने हात लावला म्हणून त्याच्यावर निलंबनाची पाळी येते. वेलणकरला वाटते, मी कर्तव्य केले, चौकशी होऊ दे, सत्य बाहेर येईल. हैदर अली त्याला समजावतो की चौकशी ज्यांच्या हातात आहे त्यांना सत्य नको आहे. दिल्लीपर्यंत हात पोचलेला एक मध्यस्थ गाठून तो प्रकरण मिटवतो. आता हैदर अली चांगला की वाईट? तो लाचखाऊ नाही, भित्राही नाही. आपल्या हाताखालच्या पोरावर त्याचा जीव आहे. पण यंत्रणेत वर्षे काढलेल्या माणसाला जे कळते ते त्याला कळलेले आहे. तो वेलणकरला वाचवतो, आणि वाचवतानाच त्याला तडजोडीच्या वाटेवर आणून सोडतो. चित्रपटाच्या नावातले 'अर्धे' सत्य काय असते ते आपल्याला हैदर अलीच्या थंड, समजूतदार बोलण्यातून कळू लागते. शफींनी हे काम आवाज न चढवता केले आहे. समोर ओम पुरी धुमसत आहेत आणि हे शांत आहेत. ही शांतता नसती तर ते धुमसणे दिसले नसते. सहकलाकाराचे काम म्हणतात ते हेच.

आणखी एक गोष्ट. हिंदी चित्रपटांत मुसलमान पात्र आले की ते बहुधा नवाब, कव्वाल, नेकदिल रहीमचाचा किंवा गुंड असे. हैदर अली यांपैकी कोणीही नाही. तो मुंबई पोलिसांतला एक कसलेला अधिकारी आहे, एवढेच. त्याच्या तोंडी धर्माची उसनी वाक्ये नाहीत, गळ्यात तावीज नाही. तो आपल्या हुद्द्याने आणि अनुभवाने ओळखला जातो. आपल्या समाजातील मुलामुलींनी हा चित्रपट जाणत्या वयात पाहावा आणि ही साधी गोष्ट ध्यानी घ्यावी. समाजाला मान मिळण्याची एक खूण अशीही असते, की त्याच्या माणसाला सतत आपली ओळख सांगत बसावे लागू नये.

यानंतर आले १९८४ चे वर्ष आणि दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ पासून सुरू होते, पण ते मुंबई-पुण्याकडच्यांचे. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, १९८३ मध्ये इन्सॅट १-बी उपग्रह आकाशात स्थिरावला, आणि १९८४ मध्ये काही महिने देशात जवळजवळ रोज एक लहान प्रक्षेपण केंद्र उघडत गेले. मराठवाड्यासारख्या भागांत दूरचित्रवाणी पोचली ती या लाटेत. त्या पिढीकडून ऐकावे : गल्लीत एखादाच संच, घराच्या छपरावर ॲन्टेना, चित्र हलले की एकजण वर चढून ती फिरवायचा आणि खालून दहाजण 'आलं, आलं, गेलं' म्हणून ओरडायचे. चपलांचा ढीग दारात, आणि आत हिंदू-मुसलमान शेजारी एकाच सतरंजीवर.

त्या सतरंजीवरच्या लोकांनी जी मालिका पाहिली ती 'ये जो है जिंदगी'. लेखन हिंदीतले विनोदकार शरद जोशी यांचे, दिग्दर्शकांत कुंदन शाह. रणजित वर्मा हा मध्यमवर्गीय नोकरदार म्हणजे शफी इनामदार, त्याची पत्नी रेणू म्हणजे स्वरूप संपत, घरात ठाण मांडून बसलेला बेकार मेहुणा राजा म्हणजे राकेश बेदी. दर भागात नव्या वेषात, नव्या बोलीत अवतरणारे सतीश शाह, आणि साहेबाच्या भूमिकेत टिकू तलसानिया. सतीश शाह, राकेश बेदी, टिकू तलसानिया सगळे हसवणारे. मग रणजित वर्मा काय करतो? तो या सगळ्यांना सहन करतो! विनोदी नाटकात एकाला शहाणे राहावेच लागते. सगळेच वेडे झाले तर वेडेपणा कशावर मोजायचा? हे काम दिसते सोपे, पण फार कठीण. टाळ्या दुसऱ्याला मिळत असतात, आणि त्या मिळाव्यात म्हणून आपण नेमक्या क्षणी फक्त भुवई उचलायची असते. ज्याने तीस एकांकिकांत हशा कोठे येतो ते मोजले होते त्यालाच हे जमले.

येथेही तीच गोष्ट पुन्हा दिसते. देशातील लाखो घरांना जो रणजित वर्मा आपल्या शेजारचा वाटला, तो कोकणातल्या पांगारीचा एक मुसलमान नट होता. प्रेक्षकांपैकी कोणाला ते ठाऊक होते, कोणाला नव्हते, आणि ठाऊक असणाऱ्यांचेही त्यामुळे काही अडले नाही.

लोकप्रियता आली की चित्रपटांची रांग लागते. १९८४ च्या 'आज की आवाज'मध्ये ते पोलीस अधिकारी झाले. 'अनोखा रिश्ता' आणि 'अमृत' (दोन्ही १९८६), 'नजराना' (१९८७) यांत नायकाचे मित्र झाले. 'अवाम' (१९८७) मध्ये खलपुरुष झाले. कधी इन्स्पेक्टर, कधी मित्र, कधी मोठा भाऊ. व्यावसायिक चित्रपटाची ही रीतच आहे. एकदा वर्दी अंगाला बसली की दहा निर्माते तीच वर्दी घेऊन येतात. या सगळ्या भूमिका स्मरणात राहण्यासारख्या होत्या असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. काही तर केवळ कथा पुढे ढकलण्यापुरत्या होत्या. पण सहकलाकाराचा संसार अशाच कामांवर चालतो. नायकाला वर्षाकाठी दोन चित्रपट पुरतात, सहकलाकाराला तारखांची जुळवाजुळव करीत दहा ठिकाणी हजेरी लावावी लागते. शिक्षकी पेशातल्या आम्हा लोकांना हे समजते. सगळे तास काही रंगत नाहीत, पण तयारी करून प्रत्येक तासाला उभे राहावे लागते.

त्यांच्या दूरदर्शनवरील कामांत आपल्या वाचकांनी विशेष आस्थेने पाहावी अशी भूमिका १९८८ च्या 'मिर्झा गालिब' मालिकेतील आहे. गुलजार यांची ही मालिका. नसीरुद्दीन शाह गालिब झाले होते, तन्वी आझमी उमराव बेगम, आणि बादशहा बहादुरशहा जफर यांचे काव्यगुरू शेख इब्राहीम जौक यांच्या भूमिकेत होते शफी इनामदार. जौक हे साध्या शिपायाच्या घरात जन्मले आणि विद्येच्या जोरावर लाल किल्ल्यातले पहिले शायर झाले. १८५४ मध्ये ते वारले तोवर दिल्लीत मान त्यांचा होता. गालिबला दरबारातली ती जागा त्यानंतरच मिळाली. पुढे काळाने पारडे फिरवले. आज गालिब जगाला ठाऊक आहे, आणि जौक यांचे नाव बहुतेकांना गालिबच्या गोष्टीतला प्रतिस्पर्धी म्हणून ठाऊक. जौक यांचे शिष्य मुहम्मद हुसेन आझाद यांनी १८८० च्या 'आब-ए-हयात' या ग्रंथात आपल्या उस्तादांचे माहात्म्य मन लावून सांगितले, तरी लोकांचा कौल बदलला नाही. एका दृष्टीने पाहता जौक हे उर्दू साहित्याच्या इतिहासातले सहकलाकारच झाले!

अशा माणसाला पडद्यावर मत्सरी खलपुरुष करून टाकणे सहज शक्य होते. प्रेक्षकाचे मन गालिबकडेच असते, त्यामुळे ते खपलेही असते. शफींचे जौक तसे नाहीत. त्यांच्यात पदाचा रुबाब आहे, थोडी चिडही आहे, पण आपली विद्या कमावलेल्या माणसाचा भारदस्तपणाही आहे. गालिबच्या टोमण्याने ते दुखावतात तेव्हा ते दुखावणे आपल्याला समजते. मराठी-कोकणी मुलखातला, गुजराती रंगभूमीवर शिकलेला हा नट दिल्लीच्या किल्ल्यातली उर्दू अदब अंगात आणतो, यामागे भाषेची किती मेहनत असेल याचा विचार करावा.

त्यांचा संसारही रंगभूमीशीच बांधलेला होता. त्यांच्या पत्नी म्हणजे थोर मराठी अभिनेत्री भक्ती बर्वे. पु. ल. देशपांडे यांच्या १९७५ च्या 'ती फुलराणी' नाटकातली मंजुळा म्हणून त्या घराघरांत पोचल्या होत्या. 'जाने भी दो यारो' (१९८३) या चित्रपटातही त्यांचे काम गाजले. मराठी रंगभूमीवर नायिका म्हणून पत्नीचे नाव जाहिरातीत वर, आणि हिंदी पडद्यावर पतीचे नाव यादीत खाली, असा हा संसार होता. भक्ती बर्वे यांचे १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटार अपघातात निधन झाले.

१९९५ मध्ये शफी इनामदार यांनी 'हम दोनों' हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. ऋषी कपूर, नाना पाटेकर आणि पूजा भट्ट त्यात होते. तीस एकांकिका बसवणारा तरुण पन्नासाव्या वर्षी चित्रपटाचा दिग्दर्शक झाला. 'तेरी भी चुप मेरी भी चुप' ही विनोदी मालिकाही त्याच सुमाराची. पुढचे दार उघडले होते. पण आयुष्याची दोरी तेवढीच होती. १३ मार्च १९९६ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ते मुंबईत वारले. तो दिवस देशाच्या आठवणीत दुसऱ्याच कारणाने राहिला आहे. त्याच दिवशी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत श्रीलंकेकडून हरला आणि प्रेक्षकांच्या दंग्यामुळे सामना अर्धवट थांबवावा लागला. त्या दिवसाचे नाव काढले की लोक अजून सामन्याचीच गोष्ट सांगतात. शफींचे वय त्या दिवशी पन्नास वर्षे आणि काही महिने होते.

१९८२ ते १९९६, चित्रपटाची अवघी चौदा वर्षे. त्याआधी रंगभूमीची दशकभराहून अधिक वर्षे. हिशेब मांडला तर तयारीचा काळ आणि फळाचा काळ जवळजवळ सारखाच निघतो. नायक होण्याची घाई असणाऱ्यांना हा हिशेब परवडत नाही. पण ज्याला काम करायचे आहे त्याला दुसरा हिशेब नाही.

आता पालकांशी दोन शब्द बोलणे भाग आहे. नाटक-सिनेमाचे नाव काढले की आपल्या समाजात अनेकांच्या कपाळावर आठी पडते. या आठीमागे केवळ अडाणीपणा आहे असे मी म्हणणार नाही. या धंद्यात पैशाची शाश्वती नाही, रात्रीचा दिवस करावा लागतो, शंभरांतल्या नव्वदांच्या वाट्याला निराशा येते आणि काही गोष्टी आपल्या घरच्या संस्कारांना पटणाऱ्याही नसतात. आई-बापांची काळजी खरी आहे. मुंबईला पळून गेलेल्या पोरांच्या करुण गोष्टी प्रत्येक तालुक्यात आहेत. तेव्हा प्रत्येकाने मुलाला नट करावे, असा या लेखाचा मुळीच आग्रह नाही.

आग्रह आहे तो इतकाच, की मुलाची वाणी बंद करू नये. वक्तृत्वात, नाटकात, मुशायऱ्यात, निबंधात ज्याला गती आहे त्याला 'हे धंदे सोड आणि अभ्यास कर' असे सांगताना आपण त्याचा अभ्यासच कमी करीत असतो. शफी इनामदार यांनी पदवी घेतली ती वक्तृत्व आणि नाटक चालू ठेवून. ज्या मुलाला चारचौघांत उभे राहून स्वच्छ बोलता येते तो पुढे वकील होवो, शिक्षक होवो, तलाठी होवो की दुकानदार, त्याचे कोठे अडत नाही. आपल्याच जिल्ह्यातील माजलगावचे संदीप पाठक मराठी रंगभूमीवर गेले आणि लक्ष्मण देशपांडे यांच्यानंतर 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे एकपात्री नाटक त्यांनी पुन्हा उभे केले. म्हणजे आपल्या मातीतल्या बोलीला रंगमंच परका नाही.

दुसरे सांगणे भाषेविषयी. उर्दू माध्यम की मराठी की इंग्रजी, हा वाद आपल्या घरोघरी चालतो. जणू एक भाषा घेतली की दुसरी हातची जाते! शफींच्या कारकिर्दीत मराठी मुलूख, गुजराती गुरू, हिंदी संवाद, इंग्रजी एकांकिका आणि उर्दू अदब सगळे एकत्र नांदले. एक भाषा कमी असती तर एक भूमिका कमी झाली असती. घरची उर्दू जपावी, मराठी अस्खलित बोलावी व लिहावी, इंग्रजीला घाबरू नये. आपल्या मुलांना हे ओझे वाटत असेल तर तो दोष भाषांचा नाही, आपल्या शिकवण्याचा आहे. त्यात आम्ही शिक्षकही आलो.

तिसरी गोष्ट मुलांसाठी. वर्गात पहिला येणारा एकच असतो. बाकीचे एकोणपन्नास म्हणजे 'आणि इतर' नव्हेत. संघात धावा काढणारा असतो तसा समोरच्या टोकाला बॅट घेऊन टिकून राहणाराही असतो. रुग्णालयात शल्यवैद्य असतो तशी रात्रभर जागणारी परिचारिका असते. जगाची बहुतेक कामे दुसऱ्या-तिसऱ्या नावाच्या माणसांनी चालवलेली आहेत. वाट्याला आलेले काम लहान असेल, पण ते उरकून टाकायचे की मन लावून करायचे, हे आपल्या हाती असते. हैदर अलीच्या वाट्याला थोडेच प्रसंग होते. त्या थोड्या प्रसंगांत शफींनी पूर्ण माणूस उभा केला. चाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावर बीड जिल्ह्यातील एका स्मरणिकेत त्याविषयी लिहावेसे वाटते, ही त्या नटाची कमाई.

ज्यांना कुतूहल वाटेल त्यांनी वडीलधाऱ्यांबरोबर बसून 'ये जो है जिंदगी'चे जुने भाग जरूर पाहावेत. आता त्यासाठी छपरावर चढून ॲन्टेना फिरवावी लागत नाही, हातातल्या मोबाईलवर ते सापडतात. पाहताना सगळे ज्याच्यावर हसत असतील त्याच्याकडे तर पाहाच. पण थोडा वेळ नजर बाजूला वळवून रणजित वर्माकडेही पाहा. तो काही बोलत नसेल तेव्हा विशेष लक्ष देऊन पाहा.